एकच माणूस, दीड हजार नोंदी: मनाच्या चढउतारांचं गणित

'नैराश्य येणार हे फोन आधीच ओळखेल' अशा अर्थाच्या बातम्या गेली काही वर्षं अधूनमधून वाचायला मिळतात. मनगटावरचं घड्याळ झोप मोजतं, एखादं अ‍ॅप दिवसातून चार-पाचदा 'आत्ता कसं वाटतंय?' म्हणून विचारतं आणि महिनाअखेरीस एक नागमोडी रेघ समोर ठेवतं. त्या रेघेतून नेमकं काय कळतं आणि काय कळत नाही, हे मात्र बहुतेक वेळा कुणी सांगत नाही.

अशा बातम्यांत वारंवार दाखला दिला जातो तो नेदरलँड्समधल्या एका अभ्यासाचा. ऑगस्ट २०१२ ते एप्रिल २०१३ या २३९ दिवसांत ५७ वर्षांच्या एका गृहस्थांनी दिवसाला दहा वेळांपर्यंत आपल्या मनःस्थितीची नोंद केली. एकूण नोंदी झाल्या १,४७८. त्यांना आधी नैराश्याचा आजार होऊन गेला होता आणि या काळात वैद्यकीय देखरेखीखाली त्यांचं औषध टप्प्याटप्प्याने बंद केलं जात होतं. डोस नेमका केव्हा कमी होतोय हे त्यांना कळू दिलेलं नव्हतं. १२७व्या दिवसाच्या आसपास लक्षणं एकदम उसळली. ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या मरीके विकर्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हे विश्लेषण प्रसिद्ध केलं. त्यांचा दावा असा की उसळी यायच्या आधीच आकड्यांच्या वागण्यात फरक पडू लागला होता. आधीच्या आणि नंतरच्या नोंदींमधलं नातं बदलत होतं, हेलकावे मोठे होत होते.

हा दावा पटण्याजोगा आहे का, हे ठरवायला थोडं गणित लागतं. दहावीपर्यंतचं पुरतं.

शंभर माणसं एकदा, की एक माणूस शंभरदा?

मानसशास्त्रातले बहुतेक निष्कर्ष अनेक माणसांना एकेकदा मोजून काढलेले असतात. तीनशे जणांना प्रश्नावली दिली, ज्यांची झोप कमी त्यांची चिडचिड जास्त निघाली, की 'झोप आणि चिडचिड यांचा संबंध आहे' असं छापून येतं. यातून माणसामाणसांतला फरक कळतो. पण दवाखान्यात समोर बसलेल्या एका बाईची झोप आज कमी झाली तर उद्या तिची चिडचिड वाढेल का, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर त्या तीनशे जणांत असेलच असं नाही.

युट्रेख्ट विद्यापीठाच्या संशोधक एलेन हामाकर यांचं टायपिंगचं उदाहरण इथे नेमकं बसतं. पुष्कळ टंकलेखकांचा वेग आणि चुका मोजल्या तर वेगवान माणसं कमी चुका करताना दिसतील, कारण ती सरावलेली असतात. पण त्यातल्याच एकाला नेहमीपेक्षा भराभर टाइप करायला लावलं तर त्याच्या चुका वाढतील. गटात वेग वाढला की चुका कमी आणि एका माणसात वेग वाढला की चुका जास्त. दोन्ही खरं आहे. गटाचा निष्कर्ष घेऊन कुणी 'चुका कमी करायच्या तर वेग वाढवा' असा सल्ला दिला तर काय होईल ते उघड आहे.

पीटर मोलेनार यांनी २००४ मध्ये हा मुद्दा गणिताच्या भाषेत मांडला. गटाचे नियम व्यक्तीला तसेच्या तसे लागू पडायला दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. सगळी माणसं एकाच नियमाने चालणारी असावीत आणि तो नियम काळानुसार बदलणारा नसावा. वाढत्या वयाचं मूल, उपचार घेणारा रुग्ण, शिकणारा विद्यार्थी यांना दुसरी अट मुळातच लागू पडत नाही. म्हणून एकाच व्यक्तीच्या, वेळेच्या क्रमाने घेतलेल्या नोंदींची गरज पडते. अशा नोंदींच्या ओळीला कालश्रेणी म्हणतात. वाणिज्य शाखेच्या पुस्तकात विक्रीच्या किंवा पावसाच्या आकड्यांच्या निमित्ताने हा शब्द भेटतो. इथे आकडा मनाचा, एवढाच फरक.

आधीची नोंद नंतरच्या नोंदीत किती उरते

कालश्रेणीतल्या शेजारच्या नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. दुपारी तीनला मन खट्टू असेल तर साडेचारला ते थोडंफार खट्टू असण्याची शक्यता जास्त. बिडाचा जाड तवा आणि ॲल्युमिनियमचं पातळ भांडं एकदमच गॅसवरून उतरवलं तर भांडं लगेच निवतं आणि तवा बराच वेळ चटका देत राहतो. मनंही अशीच, काही तव्यासारखी, काही भांड्यासारखी. हा 'तवेपणा' मोजणाऱ्या आकड्याला या लेखापुरतं जडत्वांक म्हणू. संख्याशास्त्रात त्याला स्वसहसंबंध म्हणतात, म्हणजे श्रेणीचा स्वतःच्याच आधीच्या रूपाशी असलेला संबंध.

समजा, ० ते १०० या पट्टीवर एखाद्याचं मन सरासरी ६० वर असतं. कार्यालयात खटका उडाला आणि ते ४० वर आलं, म्हणजे सरासरीच्या २० खाली. नोंदी दर दीड तासाने होतात. जडत्वांक ०.३ असेल तर पुढच्या नोंदीला २० चे ०.३ पट, म्हणजे ६ एवढीच तूट उरेल आणि मन ५४ वर येईल. त्यापुढच्या नोंदीला तूट दोनाच्याही आत. तीन तासांत खटका विसरला. जडत्वांक ०.७ असेल तर क्रम असा जाईल: ४६, ५०, ५३, ५५. सहा तास उलटले तरी तूट पुरती भरलेली नाही. मधल्या काळात नवे बरेवाईट प्रसंग घडतच असतात आणि त्यांचे धक्के वर जमा होतात. पण नियम हाच: आत्ताची तफावत म्हणजे मागच्या तफावतीचा ठरावीक अंश अधिक नवा धक्का. १९२७ मध्ये ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ उडनी यूल यांनी सूर्यावरच्या डागांची वार्षिक संख्या समजून घेण्यासाठी याच जातीचं समीकरण वापरलं होतं.

हा आकडा घरी काढणंही अवघड नाही. एक्सेलच्या एका रकान्यात नोंदी क्रमाने भराव्यात. शेजारच्या रकान्यात त्याच नोंदी एक ओळ खाली सरकवून चिकटवाव्यात, म्हणजे प्रत्येक ओळीत 'आत्ताची' आणि 'आधीची' अशी जोडी तयार होते. मग दोन्ही रकान्यांवर 'कोरेल' (CORREL) हे फंक्शन चालवावं. येणारा आकडा हा जडत्वांकाचा कामचलाऊ अंदाज. तो शून्याखालीही जाऊ शकतो. एक दिवस अति आणि दुसऱ्या दिवशी अजिबात नाही अशा सवयींत तसं दिसतं.

२०१० मध्ये पीटर कुपेन्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कमी आत्मसन्मान असलेल्यांत आणि नैराश्य असलेल्यांत हे जडत्व जास्त आढळतं. बाहेर काहीही घडो, मन जिथे आहे तिथून हलत नाही. या निष्कर्षानंतर विषयाला एकदम गर्दी झाली.

मग नेहमीची टी-टेस्ट का चालत नाही?

समजा, समुपदेशन सुरू होण्याआधीच्या ५० नोंदी आणि नंतरच्या ५० नोंदी हातात आहेत. दोन सरासरी काढल्या, त्यांच्यातला फरक खरा की योगायोगाचा हे सांगणारी टी-टेस्ट लावली, झालं, असं वाटणं साहजिक आहे. अडचण अशी की ही चाचणी प्रत्येक नोंद स्वतंत्र आहे असं धरून चालते. जिथे आधीच्या नोंदीचा अंश पुढच्या नोंदीत असतो तिथे प्रत्येक नवी नोंद पूर्ण नवी माहिती देत नाही.

किती कमी माहिती मिळते ते मोजता येतं. सरासरी काढण्यासाठी १०० नोंदींचं खरं वजन म्हणजे १०० गुणिले (१ वजा जडत्वांक) भागिले (१ अधिक जडत्वांक). जडत्वांक ०.६ असेल तर हे वजन २५ निघतं. हातात शंभर नोंदी आहेत, पण माहिती पंचविसांची. हे न पाहता चाचणी चालवली तर खोटे 'गुण' दिसतात. जडत्वांक ०.५ असताना, काहीही फरक पडलेला नसतानाही, नेहमीची चाचणी शंभरातल्या सुमारे २६ वेळा 'फरक पडला' म्हणते. अपेक्षित चूक पाचची असते.

यावरचा उपाय जुनाच आहे. ग्लास, विल्सन आणि गॉटमन यांनी १९७५ मध्ये मानसशास्त्र आणि शिक्षणक्षेत्रासाठी त्यावर पुस्तकच लिहिलं. उपचाराच्या क्षणी श्रेणी दोन भागांत तोडायची, पातळी एकदम बदलली का आणि चढ-उताराचा कल बदलला का हे दोन वेगळे प्रश्न विचारायचे आणि हे सगळं जडत्व हिशेबात धरून करायचं. जुन्या पाठ्यपुस्तकांत अशा कामाला किमान ५० नोंदी असाव्यात असा संकेत आहे. त्याला दैवी आधार नाही, पण २० नोंदींवर काय होतं ते पाहिलं की तो पटतो. खरा जडत्वांक ०.४ असेल तर २० नोंदींवरून काढलेला आकडा शून्यापासून ०.८ पर्यंत कुठेही पडू शकतो. वर तो सरासरीने ०.११ नी कमीच येतो, कारण छोट्या श्रेणीत सरासरीही त्याच नोंदींवरून काढावी लागते. दोन आठवडे रोज रात्री एक नोंद करणाऱ्या अ‍ॅपने तुमच्या जडत्वाबद्दल काही सांगितलं तर ते मनावर घेऊ नका.

नोंदी गोळा करताना कुठे बिघडतं

१९७०च्या दशकात शिकागोमध्ये मिहाय चिक्सेंटमिहाय आणि रीड लार्सन यांनी लोकांच्या हातात पेजर दिले. तो वाजला की माणसाने हातातलं काम थांबवून पुस्तिकेत नोंद करायची. आज पेजरची जागा फोनने घेतली, पण पद्धत फारशी बदललेली नाही. सकाळी साडेसात ते रात्री साडेदहा हा वेळ दीड-दीड तासाच्या दहा खंडांत वाटतात आणि प्रत्येक खंडात एकदा, अवचित क्षणी घंटी वाजते. वेळ आधी माहीत असेल तर माणूस तयारी करून बसतो, म्हणून अवचित.

ही खबरदारी घेतली की दुसरी अडचण उभी राहते. एक घंटी खंडाच्या शेवटी आणि पुढची पुढच्या खंडाच्या सुरुवातीला वाजली तर दोन नोंदींत दहा मिनिटांचं अंतर पडतं, उलट झालं तर जवळजवळ तीन तासांचं. जडत्वांक अंतरावर अवलंबून असतो. दीड तासाला ०.५ असेल तर तीन तासांना ०.२५. सगळी अंतरं सारखी धरून काढलेला आकडा नेमका कोणत्या अंतराचा, हे मग सांगता येत नाही. सततच्या काळाचं गणित, म्हणजे प्रत्येक जोडीतलं खरं अंतर धरून चालणारं गणित, वापरणारी मॉडेल्स यासाठी आहेत. ती नसतील तर निदान प्रत्यक्ष वेळ नोंदवून ठेवलेली असावी.

रात्र हा मोठा खड्डा. रात्री दहाची नोंद आणि सकाळी आठची नोंद यांची जोडी दुपारच्या जोड्यांत मिसळायची नसते. मघाच्या एक्सेलच्या रकान्यात प्रत्येक दिवसाच्या पहिल्या ओळीतली 'आधीची' नोंद पुसून टाकायची. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत सगळ्यात जास्त राहून जाणारी पायरी हीच असावी, कारण सॉफ्टवेअर कुरकुर न करता उत्तर देतं.

आणि चुकलेल्या घंट्या. १४ दिवस, रोज १० म्हणजे १४० घंट्या. माणसाने ८० टक्क्यांना उत्तर दिलं तर ११२ नोंदी मिळतात, म्हणजे उत्तम सहकार्य. पण लागतात त्या जोड्या. रात्री वगळून १२६ जोड्या शक्य होत्या. जोडीतल्या दोन्ही नोंदी असण्याची शक्यता ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.६४. हातात उरतात सुमारे ८१. शिवाय घंट्या अशा तशा चुकत नाहीत. मन फार वाईट असतं, भांडण चालू असतं, तेव्हाच फोन बाजूला पडतो. आपल्याला ज्या क्षणांबद्दल जाणून घ्यायचंय तेच नेमके गायब होतात आणि याला कुठलंही सूत्र पुरतं भरून काढत नाही.

प्रश्नाची पट्टीही पाहावी. 'तुम्ही किती निराश आहात?' याला १ ते ७ ची पट्टी दिली तर निरोगी माणूस दिवसेंदिवस १ वरच बोट ठेवतो. सपाट रेघेतून जडत्व काढता येत नाही, कारण भागायला शून्य येतं. ० ते १०० ची सरकपट्टी आणि 'उदास–प्रसन्न' अशी दोन टोकं ठेवली तर निदान हालचाल दिसते.

चढती रेघ आणि रविवार

१९२६ मध्ये याच यूल यांनी एक गमतीदार आणि गंभीर शोधनिबंध प्रसिद्ध केला. १८६६ ते १९११ या काळात इंग्लंडमध्ये एकूण विवाहांपैकी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये लागणाऱ्या विवाहांचं प्रमाण घटत होतं आणि मृत्युदरही घटत होता. दोन्हींतला सहसंबंध ०.९५, म्हणजे जवळजवळ पूर्ण. चर्चमधली लग्नं बंद करून लोक अमर होणार नव्हते. दोन श्रेणी एकाच दिशेने सरकत असल्या की त्यांच्यात सहसंबंध आपोआप दिसतो.

मनाच्या नोंदींत हे सारखं घडतं. उपचारात सहा आठवडे मन हळूहळू सुधारत गेलं आणि त्याच काळात माणूस चालायलाही जास्त जाऊ लागला, तर 'चालल्याने मन सुधारलं' असा मोठा आकडा निघेल. कदाचित ते खरंही असेल, पण हा आकडा त्याचा पुरावा नाही. तसंच नुसता कल असला तरी जडत्वांक फुगतो, कारण सुरुवातीच्या सगळ्या नोंदी सरासरीखाली आणि शेवटच्या सगळ्या वर असतात.

म्हणून आधी कल काढून टाकतात. नोंदींतून एक सरळ रेघ काढायची आणि प्रत्येक नोंदीचं त्या रेघेपासूनचं अंतर घेऊन पुढचं काम करायचं. आठवड्याच्या वारांचंही तसंच. ज्याला रविवारी सुट्टी आहे त्याच्या मनाला सात दिवसांचा ताल असतो आणि तो प्रत्येक वाराची सरासरी वजा करून काढता येतो. इथे विवेक लागतो. सुधारणेचा कल हाच जर उपचाराचा परिणाम असेल तर तो काढून टाकल्यावर अभ्यासायला उरलं काय? म्हणून कल काढण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही निकाल दाखवणाऱ्या अभ्यासावर जास्त विश्वास ठेवावा.

चिंता झोप घालवते, की झोप चिंता आणते?

एका भावनेची श्रेणी जमली की पुढचा मोह अनेक भावना एकत्र बांधण्याचा होतो. चिंता, चिडचिड, थकवा, आनंद या प्रत्येकाची आत्ताची पातळी सगळ्यांच्या आधीच्या पातळ्यांवरून काढायची. सहा भावना असतील तर असे ३६ अंक निघतात, दहा असतील तर १००. ते बाणांनी जोडले की जाळ्याचं चित्र तयार होतं: चिंतेकडून थकव्याकडे जाड बाण, आनंदाकडून चिडचिडीकडे लाल बाण. २०१३ नंतर अशी चित्रं खूप छापली गेली. दिसतात सुरेख, आणि डॉक्टरलाही वाटतं की सगळ्यात जास्त बाण जिथून निघतात तिथे उपचार करावा.

बाणाचा अर्थ मात्र मर्यादित आहे. क्लाइव्ह ग्रेंजर यांनी १९६९ मध्ये अर्थशास्त्रासाठी जी कसोटी मांडली तीच इथे वापरतात. आजच्या थकव्याचा अंदाज कालच्या थकव्यावरून बांधला, त्यात कालची चिंता मिळवली आणि अंदाज सुधारला, तर चिंतेकडून थकव्याकडे बाण काढायचा. हे अंदाजाचं विधान झालं, कारणाचं नव्हे. रात्री बाळ रडत राहिलं म्हणून सकाळी चिडचिड आणि दुपारी थकवा आला, तर मोजमापात बाळ नसल्याने बाण चिडचिडीकडून थकव्याकडे निघेल. आणि चिंता अर्ध्या तासात थकवा आणत असेल तर दीड तासाच्या नोंदींत तो परिणाम 'एकाच वेळी' घडल्यासारखा दिसेल, बाण निघणारच नाही.

८१ जोड्यांवरून १०० अंक काढायचे, याचं गणित वाचकाने स्वतःच करावं. २०१८ मध्ये किर्स्टन बुल्टील आणि सहकाऱ्यांनी तपासलं की हे जाळं न पाहिलेल्या नव्या नोंदींचा अंदाज बरा बांधतं की प्रत्येक भावना एकेकटी धरणारं साधं समीकरण. मानसशास्त्रात नेहमी मिळतो तेवढ्या माहितीवर जाळं नेहमी सरस ठरलं नाही.

नेदरलँड्सचा इशारा

आता त्या १,४७८ नोंदींकडे. जडत्वांक वाढला की काय होतं? धक्के तेवढेच राहिले तरी प्रत्येक धक्का जास्त वेळ टिकतो, नव्या धक्क्यात जुना मिसळतो आणि एकूण हेलकावे मोठे होतात. जडत्वांक ०.३ वरून ०.८ वर गेला तर नोंदींचं प्रमाण विचलन, म्हणजे हेलकाव्यांचा एकूण आकार, सुमारे १.६ पट होतं. सावरण्याचा वेग मंदावणं आणि हेलकावे वाढणं ही दोन लक्षणं एकदम दिसली तर यंत्रणा पलटी खाण्याच्या जवळ आहे, ही कल्पना परिसंस्थांच्या अभ्यासातून आली. स्वच्छ तळं अचानक शेवाळून जाण्याआधी असं घडू शकतं, असं ते संशोधक सांगतात. या गृहस्थांच्या नोंदींत विकर्स यांना हीच दोन लक्षणं वाढताना दिसली.

इथे तीन हरकती घ्यायला हव्यात. पहिली: हे सगळं घडून गेल्यावर पाहिलं गेलं. उसळी कधी आली हे माहीत असताना आधीचा काळ तपासणं सोपं असतं. दुसरी जरा खोलातली आहे. जडत्वांक काळानुसार कसा बदलतो हे पाहायला काही आठवड्यांची खिडकी घेतात आणि ती एकेक पाऊल पुढे सरकवतात. दोन शेजारच्या खिडक्यांत बहुतेक नोंदी त्याच असतात. त्यामुळे निघणारी रेघ गुळगुळीत दिसते आणि योगायोगाने चढलेली असली तरी ठाम कल असल्यासारखी भासते. तिसरी: सरासरी हळूहळू घसरू लागली असेल तर खिडकीतला कलच जडत्वांक फुगवतो. मग इशारा मिळतो तो 'सावरणं मंदावलं' याचा नसून 'मन घसरतंय' याचा, आणि ते तर साध्या रेघेवरही दिसलं असतं.

आणखी एका रुग्णावर याच गटाने पुन्हा असा अभ्यास केला आणि इशारे दिसल्याचं २०२० मध्ये सांगितलं. जास्त माणसांवर काम सुरू झाल्यावर चित्र संमिश्र झालं. काहींत इशारा आधी आला, अनेकांत आलाच नाही, काहींत तो वाजला आणि पुढे काही घडलं नाही. 'फोन आधीच ओळखेल' या मथळ्यामागे आज एवढंच आहे.

"मग साधी सरासरी पुरेशी नाही का?"

ही हरकत सगळ्यात सशक्त आहे. २०१९ मध्ये एगॉन डेयॉन्कहीरे आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिलं की जडत्व, अस्थिरता आणि अशी इतर किचकट मापं माणसाच्या समाधानाबद्दल किंवा नैराश्याबद्दल किती जास्तीची माहिती देतात. सरासरी मनःस्थिती आणि हेलकाव्यांचा एकूण आकार, म्हणजे प्रमाण विचलन, हे दोन आकडे विचारात घेतल्यावर बाकीच्यांनी फारच थोडी भर घातली.

पण यातून 'कालश्रेणी निरुपयोगी' असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल. ती तुलना माणसामाणसांतली होती: कोण जास्त उदास, कोण कमी. तिथे सरासरीच जिंकणार. एकाच माणसाचं पुढे काय होईल, एका उपचाराने त्याच्यात फरक पडला का, हे प्रश्न त्या तुलनेत विचारलेच नव्हते. आणि महिन्याची सरासरी प्रामाणिकपणे काढायलाही नोंदी वेळच्या वेळी झालेल्या असाव्या लागतात. महिनाअखेरीस 'महिना कसा गेला?' विचारलं तर माणूस सगळ्यात वाईट क्षण आणि शेवटचे एक-दोन दिवस आठवून उत्तर देतो.

बारा गट, एकच रुग्ण

२०२० मध्ये योयन्नेके बास्टियान्सेन आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णाच्या घंटीच्या नोंदी बारा संशोधक-गटांना दिल्या आणि एकच प्रश्न विचारला: उपचारांचा रोख कोणत्या लक्षणावर ठेवायचा? सगळे या विषयातले जाणकार. कुणी रात्रीच्या जोड्या वगळल्या, कुणी ठेवल्या. कुणी कल काढला, कुणी नाही. चुकलेल्या नोंदी भरण्याच्या रीती वेगळ्या, भावनांचे गट पाडण्याच्या वेगळ्या. एकाही गटाचं उत्तर दुसऱ्याशी तंतोतंत जुळलं नाही. काहींनी एकही लक्षण सुचवलं नाही, एकाने सोळा सुचवली.

हे गणिताचं अपयश नव्हे. मोजक्या नोंदींतून खूप बारीक प्रश्न विचारला की उत्तर नोंदींऐवजी विश्लेषकाच्या निवडींतून येऊ लागतं, हे त्यातून दिसतं. म्हणून विश्लेषणाच्या पायऱ्या नोंदी उघडण्याआधीच लिहून ठेवायच्या, ही शिस्त आता मागितली जाते.

साधा प्रश्न, साधं साधन

प्रश्न लहान ठेवला तर एकाच माणसाच्या नोंदींतून उपयोगाचं काहीतरी निघतं. 'या व्यक्तीची पातळी तिच्या नेहमीपेक्षा टिकाऊपणे घसरली आहे का?' हा तसा प्रश्न. त्यासाठी कारखान्यात मालाचा दर्जा सांभाळायला १९२४ मध्ये वॉल्टर शूहार्ट यांनी आणलेला नियंत्रण-आलेख मनाच्या नोंदींवरही वापरून पाहिला जातोय.

त्याच्या एका सुधारित प्रकारात आधी स्थिर काळातले काही आठवडे घेऊन सरासरी आणि प्रमाण विचलन काढतात. समजा ६० आणि १२. पुढे रोज एक फिरता आकडा ठेवतात: आजच्या दिवसाच्या सरासरीचा ०.२ भाग अधिक कालच्या फिरत्या आकड्याचा ०.८ भाग. या फिरत्या आकड्याचे हेलकावे मूळ हेलकाव्यांच्या एक तृतीयांश असतात, म्हणजे ४. त्याच्या तिप्पट खाली मर्यादेची रेघ, म्हणजे ४८. एक दिवस अगदी वाईट गेला, २० वर आला, तरी फिरता आकडा ५२ वर थांबतो आणि इशारा होत नाही. पण मन रोज ४५ च्या आसपास राहू लागलं तर आठव्या दिवशी फिरता आकडा ४८ खाली जातो.

जडत्व इथेही पाठ सोडत नाही. घंटीगणिक नोंदी वापरल्या तर शेजारच्या नोंदी एकमेकींना चिकटून असल्याने मर्यादा फार अरुंद पडतात आणि खोटे इशारे वाजत राहतात. म्हणून दिवसाची सरासरी घेतात आणि दिवसादिवसांतलं जडत्व तरीही मोठं असेल तर मर्यादा रुंदावतात. पायाभूत आठवडे नेमके वाईट काळातले निघाले तर उलटं होतं. सरासरीच खालची बसते, मर्यादेची रेघ तिच्याही खाली जाते आणि मन बरंच घसरलं तरी आलेख गप्प राहू शकतो. अशा वेळी जुना पाया टाकून, डॉक्टर किंवा समुपदेशक ज्याला बरा म्हणतील तो काळ निवडून, मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.